मंगळूबाबांचा पाय

"गुडघा पुढं जातोय, बाई. उतारावर तर कुणी मागनं ढकलावं तसा," मंगळूबाबा म्हणाले आणि दारातच चपला काढू लागले. टायरच्या चपला, मागे पट्टा, टाचेला चांगल्या जाड. खऱ्या पायातली लगेच निघाली. खोट्या पायातली काढायला उज्वलाबाई स्वतः खाली वाकल्या.

नाशिकच्या त्या कृत्रिम अवयव केंद्रात चपला काढण्याची पाटी नव्हती. पण फरशी पुसलेली दिसली की माणसं आपणहून काढतात. देऊळ, बँक, दवाखाना, सगळं सारखंच.

उज्वलाबाई केंद्रातल्या तंत्रज्ञ. पाय बसवण्यात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही, असं वार्षिक अहवालात छापलेलं होतं. अहवाल त्यांनीच लिहिला होता, तरी ते खरं होतं.

त्यांनी बाबांचा पाय उतरवला, पायाचं थोटूक बसतं तो सॉकेट आतून चाचपला, किल्लीने स्क्रू तपासले, पाय पुन्हा चढवला.

"चाला."

बाबा दोन दांड्यांच्या मधून गेले, वळले, परत आले. हात कुठे टेकला नाही.

"आता?"

"आता झ्याक. हितं झ्याकच चालतो. हरसूलला उतरलो की बिघडतो." बाबांनी पायाकडे संशयाने पाहिलं. "मला वाटतं, ह्यो तुमाला घाबरतो."

उज्वलाबाई हसल्या. बुधवार हा बाबांचा वार; तो सोडला तर केंद्रात त्या हसत नसत. इतर दिवशी जेवणाला त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा असे. बुधवारी डबा असे, तोही दोन माणसांचा. बाबा फडक्यात नागलीची भाकरी आणत. मग भाकरी बाई खात आणि पोळ्या बाबा.

"घरी कोण कोण हाय?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"मी आणि टीव्ही."

"बरं हाय. टीव्ही बोलतो तरी."

आज बाबा जेवताना उजवा हात जपून हलवत होते. बाईंनी शर्टाची बाही वर केली. कोपर सोललेलं होतं.

"हे कधी?"

"परवा. ओढ्याच्या उतरणीला. पोरांनी उचलून आणला. काय नाय, कातडं गेलंय."

उज्वलाबाईंनी मलम आणलं. लावताना त्या पुन्हा पुन्हा "दुखतंय का?" विचारत होत्या, म्हणून बाबांनीच त्यांना धीर दिला. "तुमचा काय दोष? तुमी तर किती करता."

"लवकर बरं व्हायला हवं," बाई म्हणाल्या.

"व्हायला तर हवंच. रस्त्याकडंला पुतण्याच्या पडवीत किती दिस पडायचं? पोरं गुणाची हायत, पण समदी मोबाइलात. माझं घर वर हाय, डोंगरात. भाताचं खाचर हाय. माझी बायको चांगुणा तिथंच गेली, तिच्या हातची लावलेली फणसाची झाडं हायत. पाय सरळ झाला की वर जायचं."

"आणि खाली कधी येणार?"

"खाली कशाला येऊ? खाली काय हाय?"

बाईंनी त्यांच्या ताटलीत आणखी एक पोळी वाढली.

तेवढ्यात शेखर सरांनी केबिनमधून हाक मारली. ते केंद्राचे व्यवस्थापक. आयुष्यात त्यांनी कुणाचा पाय बसवला नव्हता, पण पाय बसवण्यावर त्यांनी भाषणं पुष्कळ केली होती.

"मॅडम, तो हरसूलवाला पुन्हा? अहो, इथे तर सशासारखा पळतो. पायात काही दोष नाही. म्हातारा एकटा असणार. गप्पांना माणूस मिळतं, वर फुकट जेवण. म्हणून येतो."

"पडलेत ते, सर. कोपर फुटलंय."

"मग तर प्रश्नच मिटला. पुढच्या शिबिरात व्हीलचेअर देऊ आणि फाइल बंद करू."

कोपऱ्यात व्हीलचेअर रांगेने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर देणगीदाराचं नाव, बसणाऱ्याच्या पाठीहून रुंद.

"डोंगरात व्हीलचेअर कशी चढणार?"

"चढायचंय कशाला? बसायचंय."

"सर, खुर्चीत बसले की ते कायमचे पडवीतच राहतील. पुन्हा कुठे जाणार नाहीत, इथेसुद्धा नाही." उज्वलाबाईंचा आवाज चढला. शेखर सरांनी तो पहिल्यांदाच ऐकला. "माझ्यावर सोडा. मी त्यांना असं वाऱ्यावर सोडणार नाही."

सरांनी हात वर केले. एवढी तळमळ अहवालात घालायला हरकत नव्हती.

बाई बाहेर आल्या. "पुढच्या बुधवारी या, बाबा. पुन्हा बघू."

"पुन्यांदा? लय तरास देतो मी तुमाला."

"त्रास कसला? या तुम्ही."

दाराशी त्यांनी बाबांच्या चपला सरळ करून ठेवल्या, पट्टा स्वतः लावून दिला. बाबा बाहेरच्या उतारावरून निघाले. चौथ्या-पाचव्या पावलाला गुडघा पुढे गेला. त्यांनी कठडा धरला, सावरले, मागे वळून हसले, जणू चूक त्यांचीच होती. फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत उज्वलाबाई उभ्या होत्या. मग त्यांनी डबा धुतला.

चारच्या सुमारास एक कॉलेजातली मुलगी कुबड्यांवर आली. वेदिका. दिंडोरीची, अपघातात पाय गेलेला. पहिलीच खेप होती. एका पायात बूट, जोडीचा दुसरा पिशवीत. पुसलेली फरशी पाहून ती दारातच अडखळली आणि भिंतीला टेकून बूट काढू लागली.

"अगं, काढू नकोस!" उज्वलाबाई लगबगीने पुढे झाल्या. "आणि तो दुसराही दे इकडे. रोज जे घालून चालणार, त्याच्यावरच पाय बसवायचा असतो. अनवाणी बसवला आणि मग टाचेचं काही घातलं, की गुडघा पुढे ढकलला जातो, माणूस उतारावर पडतं. कितीही वेळा स्क्रू फिरवा, उपयोग नाही. पहिल्याच दिवशी सांगते मी हे सगळ्यांना."