अबुकीचा आवाज

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मरणाची बातमी काबाजुंगूने काल संध्याकाळीच रेडिओवर ऐकली होती. स्वतःच्याच आवाजात.

"घाबरू नका, अबुकी," तो म्हणाला. "मी रुसोके. किसोम्बा गावचा. मेलेलो नाही."

काबाजुंगू चौकट धरून उभी राहिली. अबुकी हे तिचं लाडनाव. टोरो मुलखात माणसाला लाडनावानेच हाक मारतात, आणि हे लाडनाव डोंगरापासून तळ्यापर्यंत घराघरात ठाऊक होतं. एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी सात वाजता, तिने रेडिओवर मरणाच्या बातम्या वाचल्या होत्या. अमक्या गावचा अमका गेला, दफन उद्या दोन वाजता, नातलगांनी निघावं. लोक हातातलं काम टाकून ऐकायचे. तीन वर्षांपूर्वी तिचा घसा गेला आणि ती घरी बसली. आवाज मात्र रेडिओवरच राहिला. मालकांनी तिच्या जुन्या फिती संगणकाला ऐकवल्या. आता कुणी मोबाइलवरून मजकूर पाठवला की संगणक तो तिच्या आवाजात वाचतो. घसा जाण्याआधीच्या आवाजात.

तिच्या वेळी बातमी घेऊन माणूस यायचा, बहुतेकदा पायी. ती त्याला पाणी द्यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "डोळे कोणी मिटले?" तो अडखळला की कागद परत. बातमी चालत यायची, तेव्हा वाटेतच तिचं खरंखोटं होऊन जायचं.

"तुमची बातमी पाठवली कुणी?" तिने विचारलं.

"पोरानं. डॉक्टरांनी हात टेकले होते. लांबच्या नातलगांना वेळेत निघता यावं म्हणून त्यानं आधीच मजकूर पाठवून दिला. आणि रात्री दहाला माझा ताप उतरला! सकाळी सुई उपटून घरी आलो, तर केळीच्या बागेत माझा खड्डा खणून तयार."

"आणि बायको?"

"दार उघडेना. म्हणते, अबुकीनं स्वतः सांगितलंय. माझा भाऊ म्हणतो, अबुकी एकतीस वर्षांत एकदा चुकली नाही, तू कोण टिकोजीराव लागून गेलास? पोरगा ओरडून ओरडून सांगतोय, तर म्हणतात दुःखानं त्याचं डोकं फिरलंय." रुसोके पायरीवर बसला. "प्रेत आलं नाही, तर दोन वाजता त्या खड्ड्यात माझ्या नावानं केळीचा खुंट पुरतील. एकदा पुरला की मी मेलो. मग मी काही का बोलेना! घर नाही, बायको नाही, चुलीपाशी जागा नाही. तुम्ही चला, अबुकी. तुमचं ऐकतील."

काबाजुंगूने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. नाडी चालत होती. हात गरम होता. तरी तिच्या कानात कालचं वाक्य घुमत राहिलं, 'किसोम्बाचे रुसोके आता आपल्यात नाहीत.' ते ऐकून तिने चहाचा पेला खाली ठेवला होता, घटकाभर हळहळलीही होती.

भाड्याच्या मोटारसायकलवर ती त्याच्यामागे बसली, तेव्हा तिने दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली.

रेडिओ केंद्राचा कारभार आता कातुरामू पाहत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना, मावशी? सातच्या बातम्यांत टाकतो की."

"सात वाजता याचा खुंट मातीखाली असेल. माइक दे."

त्याने गाणं थांबवलं. काबाजुंगू माइकपाशी वाकली.

"मी अबुकी बोलते आहे." जात्यात खडा यावा तसा आवाज निघाला. "किसोम्बाचे रुसोके जिवंत आहेत. माझ्या शेजारी बसले आहेत. खड्डा बुजवा."

दोन मिनिटांत फोन वाजला. रुसोकेचा भाऊ होता.

"ही कोण म्हातारी बसवलीत? मेल्या माणसाची थट्टा करता? लाज नाही वाटत अबुकीचं नाव घ्यायला?"

"अहो, मीच अबुकी," काबाजुंगू म्हणाली.

"जा गं बाई, आधी घसा खाकरून ये! अबुकीला आम्ही रोज ऐकतो." फोन बंद झाला.

घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. रुसोके तिच्याकडे पाहत राहिला. काबाजुंगू खुर्चीवरून उठली आणि कातुरामूला म्हणाली, "टाइप कर."

"काय, मावशी?"

"मी बोलले तेच. एक शब्द बदलू नकोस."

कातुरामूने टाइप केलं. अंगणातल्या भोंग्यातून आवाज आला. भरदार, शांत, तरुण. "मी अबुकी बोलते आहे. किसोम्बाचे रुसोके जिवंत आहेत. माझ्या शेजारी बसले आहेत. खड्डा बुजवा." प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबून श्वास घ्यायची तिची लकबसुद्धा त्यात होती.

फोन लगेच वाजला. भाऊ रडत होता. "ऐकलं, अबुकी, ऐकलं! बुजवतो खड्डा. पाठवा आमच्या माणसाला घरी." त्याच्या मागे बायका आनंदाने किलकारत होत्या.

रुसोके धावतच अंगणात गेला. भोंग्यासमोर उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि मान झुकवून म्हणाला, "उपकार झाले, अबुकी."

खिडकीतून काबाजुंगू ते पाहत होती. तिला राग आला नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला. हा माणूस जिवंत आहे, याची आता कुठे तिचीही खात्री पटली होती.