मुंगीचा चाप

तक्ता लावून बाईंना मिळणार होती दहा मिनिटं. तीही नवी नव्हेत. हातची होती ती जाऊ नयेत, एवढाच व्यवहार. नववीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला पहिली दहा मिनिटं कुणी शिकवायचं नाही, विचारायचं नाही, लिहून घ्यायचं नाही. ज्यानं त्यानं कपाटातलं आवडेल ते इंग्रजी पुस्तक काढून गप्प वाचायचं आणि बाईंनीही आपलं वाचायचं. ती शांतता पाहून मुख्याध्यापकांच्या पोटात दुखायचं. "यात दाखवायला काय आहे, बाई?" असं त्यांनी विचारलं, आणि बाई घाईघाईनं बोलून गेल्या, "तक्ता लावते ना, सर. कुणी किती पुस्तकं वाचली त्याचा. पुस्तकामागे एक चांदणी." सर तिथल्या तिथे खूश झाले. इतक्या लवकर खूश होणाऱ्या माणसाला आपण नक्की काय देऊन बसलो, हे विचारायचं बाईंना वीस वर्षांच्या नोकरीनंतरही सुचलं नाही.

तक्त्याला आज सहा आठवडे झाले होते. तास सुरू झाला तसा कपाटाशी घोळका जमला. "याहून पातळ नाही का, बाई?" हा प्रश्न चार जणांनी विचारला. पाचवा विमान. वाचण्याच्या वेगावरून वर्गानंच त्याला हे नाव दिलं होतं आणि तो ते मिरवायचा. त्यानं पुस्तक टेबलावर ठेवून चांदणीसाठी हात पुढे केला.

"यात काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कुत्रा हरवला, बाई."

"मग?"

"सापडला."

"कुठे?"

"ते नव्हतं दिलं."

"दिलंय. आठव्या पानावर."

"मग माझ्या पुस्तकात छापायचं राहिलं असेल, बाई."

वर्ग हसला. बाईंनाही हसू येणार होतं, पण विमानाचा हात अजून पुढेच होता. पुस्तक संपलं की चांदणी, असा नियम होता. कळलं की चांदणी, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी सत्तेचाळिसावी चांदणी चिकटवली. त्यांचं स्वतःचं पुस्तक चांदण्यांच्या पाकिटाखाली पडून होतं. सहा आठवड्यांत त्याचं एक पान उलटलेलं नव्हतं.

तक्त्यात एकच पट्टी कोरी होती, मुंगीची. हे नावही वर्गाचंच. शाळा उघडल्यापासून मुंगी एकच जाडजूड पुस्तक घेऊन बसली होती. दीपगृहावर राहणारा बाप, त्याच्या दोन मुली, आणि वादळात होडी घेऊन निघालेली थोरली. मुंगी ओळीवर बोट ठेवून वाचायची, अडली की मागे जायची. एकदा तिनं विचारलं होतं, "बाई, ही पोरगी वादळाला घाबरत नाही, मग बापाशी बोलायला का घाबरते?" बाई दोन दिवस तोच विचार करत होत्या. वीस वर्षांपूर्वी त्या पुस्तकाची दुसरी प्रत वाचताना त्यांच्या मनात हे आलं नव्हतं.

खूण म्हणून मुंगी पुस्तकात केसांचा चाप लावायची. तिच्याकडे तो एकच असावा, कारण डाव्या बाजूचे केस रोज तोंडावर यायचे. कवायतीचे सर ओरडले की म्हणायची, "चाप कामावर गेलाय, सर."

आज रांगेच्या शेवटी ती उभी होती.

"बाई, थोरली परत येते का?"

"वाच. कळेल."

"सांगून टाका ना. म्हणजे वाचलं असं धरता येईल."

"नाही सांगणार. आजवर कधी सांगितलंय मी?"

"मग राहू दे." तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "घरी दादा म्हणतो, तुझी पट्टी कोरी म्हणजे तुला इंग्रजी येतच नाही. विमानानं सांगितलंय त्याला."

"तक्त्याला काय कळतं त्यातलं?"

"तुम्हीच लावलाय ना, बाई."

बाईंनी चांदण्यांचं पाकीट उघडलं. "ये, तुला आत्ताच देते. दोन देते."

मुंगीनं मान हलवली. "संपलं कुठे अजून?"

तिनं पानांतला चाप ओढून काढला, फ्रॉकला पुसला, केसांत लावला आणि कुत्र्याचं पुस्तक उचलून जागेवर गेली.

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. सोबत कुणी पाहुणा नव्हता, तरी पाहुणा असल्यासारखे तक्त्यासमोर उभे राहिले. चांदण्या मोजल्या. मग वर्गावरून नजर फिरवली आणि ती तिसऱ्या बाकावर, मुंगीपाशी थांबली.

"अरे वा, आज हिचे केससुद्धा जागेवर. बघा बाई, एका बाजूनं शिस्त लागली की सगळ्याच बाजूंनी लागते." जाता जाता म्हणाले, "तुमची ती दहा मिनिटं राहू द्या हं. कायमची राहू द्या."

म्हणजे सरांना तक्ता मिळाला, विमानाला सत्तेचाळीस चांदण्या, आणि बाईंना जे हवं होतं ते, घड्याळ लावून, पुरेपूर. तिसऱ्या बाकावर कुत्रा हरवत होता. ओळीवर बोट नव्हतं.

बाईंनी ते जाड पुस्तक उघडलं. ते आपोआप दोनशे चौदाव्या पानावर उघडलं. कडेला चापाचे दात उमटले होते. पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. थोरली वादळात होती, आणि धाकटी दिवा धरून किनाऱ्यावर उभी होती.