तिसरी सुई

"परत बुलढान्याले? काऊन?" धाडहून निघालेल्या जीपमध्ये गोजरबाईंनी नातीला, पायलला, मांडीवर ओढत सुनेला विचारलं.

"डोळे दाखवायचेत हिचे," प्रेरणा म्हणाली आणि तिची मान आपोआप खाली गेली.

सासूबाई आज ऐनवेळी जीपमध्ये चढतील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. रस्त्याकडेला सोयाबीन काढणं चालू होतं. धुळीचा लोट आत आला तसं पायलने नाक झाकलं. दमा तिला आजीकडूनच आला होता. गोजरबाई मात्र शेजारणीशी बोलतच राहिल्या.

गेल्या वर्षी गावच्या आरोग्यसेविका आशाताई घरी येऊन सांगत होत्या: दम्यावर नवं औषध तपासतायत. धुळीचाच अंश डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांत भरून टोचतात, मग शरीर धुळीला शत्रू समजणं सोडतं. सध्या मोठ्यांना देतायत, पुढे लेकरांनाही देतील. गोजरबाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

"माही नात काय उंदीर हाय?"

म्हणून यंदा लेकरांच्या सुयांसाठी दवाखान्यातून अचानक फोन आला, तेव्हा प्रेरणाच्या नवऱ्याने, हर्षलने, संमतीपत्रावर सही केली, पण आईला सांगायची हिंमत दोघांत एकालाही झाली नाही. दोन सुया झाल्या. पायल रात्रभर झोपू लागली. आज तिसरी, शेवटची. ती चुकली की नाव कटणार.

नर्स धम्मशीलाताईंना प्रेरणाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरी फोन करू नका. सासूबाई अडाणी आहेत, त्यांच्या डोक्यात नाही शिरणार." ताई नुसत्या हसल्या होत्या.

जीप थांबली.

"आई, तुम्ही बाजार करा, आम्ही येतोच."

"बाजार नाई करा लागत मले. चाल."

दवाखान्याच्या दारात प्रेरणाने पाटीकडे पाहिलं. बरंय, यांना पाटी वाचता येत नाही, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"हाच डोळ्यांचा दवाखाना, आई."

"असं काय?"

आत धम्मशीलाताई खुर्चीवरून उठल्या. प्रेरणा घाईने पुढे झाली. "ताई, या माझ्या सासूबाई..."

"मावशी! दम कसा हाय आता? वर्ष होईल तुमच्या शेवटच्या सुईले." ताई प्रेरणाकडे वळल्या. "तुमचा नंबर यांनीच त दिला होता. सुनेले सांगू नका म्हणल्या."

गोजरबाईंनी सुनेकडे पाहिलं नाही. पायलची बाही हळूच वर सरकवत त्या म्हणाल्या, "पहिले मलेच टोचा म्हनलं होतं. काही झालं असतं त म्हातारीच गेली असती."