मोरीतला दोर

चंदूने मोरीच्या भिंतीतल्या कडीला काथ्याचा दोर पुन्हा बांधला आणि आईची मूठ बसेल अशा बेताने तीन गाठी मारल्या. गेल्या वर्षी ती मोरीत घसरून पडली, तेव्हा त्यानेच हा दोर लावला होता. म्हातारी तो धरून उठायची. नारळी पुनवेला वेसाव्यात होडी पाण्यात लोटताना नांगराला दोर कमी पडला, म्हणून त्याने हाच सोडला. "आये, संध्याकाळी परत बांधतो." "ने रे. म्हातारीआधी होडी." संध्याकाळ नाचण्यात गेली, पुढचे चार दिवस मासळीत. पाचव्या सकाळी मोरीत पाय घसरताना आईचा हात सवयीने दोराकडे गेला. दोर नव्हता. खुब्याचं हाड मोडलं. आता ती उठणार नाही, डॉक्टर म्हणाले. होडीवरून सोडून आणलेल्या या दोरावर चंदूने आता सगळा भार टाकून पाहिला. गाठ तसूभर हलली नाही. बाहेर खाटेवरून आई ओरडली, "मेल्या, होडीचा दोर कशाला सोडलास? वाहून जाईल ना ती!"