अभिरामचं बोरन्हाण

“अरे, माझ्याकडे काय येतोस? जा, बोरं लूट!” सुरुचीनं दबक्या आवाजात दटावलं. अभिरामच्या अंगात काळा कुर्ता, गळ्यात हलव्याचा हार. आत्ताच त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले होते. इकडे उत्तरेत, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी बोरन्हाण जन्मात पाहिलं नव्हतं, पण लुटायचं म्हटल्यावर कोण थांबतंय? नुसता गलका! आणि आमचा साडेतीन वर्षांचा उत्सवमूर्ती पाटावरून उठला, तो थेट आईपाशी.

बोरन्हाणाची हौस तर नावाला, सुरुचीला पोराची परीक्षाच बघायची होती. प्ले-स्कूलच्या मॅडम म्हणाल्या होत्या, “किसी से घुलता-मिलता नहीं। डॉक्टर को दिखा लीजिए।” झालं! तेव्हापासून बाईची झोप उडाली. मन चिंती ते वैरी न चिंती. ह्याला कधी मित्रच मिळाला नाही तर? आपल्यामागे ह्याचं कोण? भाजी परतता परतता ती तीस वर्षांच्या एकट्या अभिरामपर्यंत जाऊन पोचायची आणि भाजी करपली की भानावर यायची.

“अगं, पुढचं राहू दे. आत्ता तो काय करतोय ते बघ तरी,” नवरा श्रीरंग रोज समजवायचा.

बघत कशी नव्हती? पार्कात तिची नजर पोरावरून हलत नसे. झोपाळा जरा उंच गेला, कुणी जरा धक्का दिला, की हिचा जीव टांगणीला. मुठी आवळलेल्या, ओठ कोरडे. अभिराम मुलांकडे दोन पावलं जायचा, वळून आईचा चेहरा बघायचा आणि परत यायचा. तिची मूठ उलगडून आपली बोटं आत सरकवायचा. तसाच उभा राहायचा. किती भित्रं माझं लेकरू, म्हणून ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची.

आताही तेच. त्याची चिमुकली बोटं तिच्या मुठीत शिरली. संपलं, आता खात्रीच झाली. सुरुचीचे डोळे भरून आले.

शेजारची वेदिका फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन धावत आली. “अभिराम, चलो ना! डर लगता है क्या?”

अभिरामनं मान हलवली. “हमको नहीं। आई को लगता है। हम पकड़े हैं।”