चंद्रप्रकाशसाठी सायकल

कृतज्ञता हीच माणसाला जनावरापासून वेगळं करते, असं विद्याधर कानेटकरांचं ठाम मत होतं. मत तीन आठवड्यांचं होतं. त्याआधी या विषयावर त्यांना मतच नव्हतं.

"अंकल, टायर जाडच घ्या," घाटकोपरच्या सायकलच्या दुकानात दुकानदार केतन त्यांना समजावत होता. "खडीवर पातळ टायरची दोन दिवसांत वाट लागेल."

"खडीच आहे," विद्याधर म्हणाले. "गोरेगाव ते साकीनाका, सगळं खोदून ठेवलंय."

त्याच खडीवर तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी फिरायला गेलेले असताना, ते छातीवर हात ठेवून आडवे झाले होते. डोळे उघडले ते एकदम हॉस्पिटलात. मधलं सगळं त्यांना बायकोने, वसुधाने, सांगितलं. चंद्रप्रकाश नावाच्या एका वाटसरूने हातातली सायकल तिथेच टाकली, यांना रिक्षात घातलं, तिला फोन केला आणि ती येईपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला. परत गेला तेव्हा सायकल जागेवर नव्हती.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर विषयच संपला होता.

"साधी काळी सायकल घेऊन द्या त्यांना, आजच्या आज," वसुधा त्याच दिवशी म्हणाली होती. "बिचाऱ्यांचं काम बंद पडलंय."

"माझ्या जिवाच्या बदल्यात साधी काळी? काय बोलतेस तू?"

वसुधा औषधं आणायला गेली. संसाराला सत्तावीस वर्षं झाली होती.

विद्याधरांची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. पुरेशी माहिती हातात आल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. त्यांनी तीन आठवडे व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली, मुलुंडपासून अंधेरीपर्यंत पाच दुकानं पालथी घातली. रोज कामावर नेता येईल इतकी साधी आणि खडीवरही दगा देणार नाही इतकी दणकट, अशी सायकल केतनकडे होती. आता शेवटचे प्रश्न राहिले होते. त्यांनी चंद्रप्रकाशना फोन लावला आणि केतनलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"तुमचं काम कुठल्या प्रकारचं, चंद्रप्रकाश?"

"फिरतीचं, साहेब." माणूस संकोची होता. "पण तुम्ही कशाला त्रास घेताय? तब्येत सांभाळा."

ज्याने जीव वाचवला त्याची उलटतपासणी बरी दिसत नाही, म्हणून विद्याधरांनी ताणलं नाही. पार्सलं पोचवत असणार, हे त्यांनी ताडलं.

"रोज किती तास पेडल मारता?"

"पाच-सहा. गणपतीच्या आधी आठ होतात. बकरी ईदच्या आठवड्यात बारासुद्धा."

"सणाला पार्सलं वाढतात," विद्याधर केतनच्या कानात म्हणाले.

"आणि स्पीड?" केतनने विचारलं.

"सुरुवातीला जोरात मारायचं. मग हळूहळू कमी करत आणायचं. शेवटी घाई केली की सगळं वाया जातं."

केतनने हातातला पाना काउंटरवर ठेवला. "कूल डाउन करतात, अंकल. आमच्या ग्रुपमध्ये कुणाला जमत नाही."

"जुन्या सायकलीचे ब्रेक कुठले होते?" विद्याधरांनी विचारलं.

"ब्रेक चार वर्षांपूर्वी तुटले, साहेब. पण काही अडलं नाही."

"पडलात कधी?"

"सायकलवरून? नाही बुवा."

फोन ठेवल्यावर विद्याधरांनी वही मिटली. मग केतन म्हणाला, "मी वीस वर्षं सायकली विकतोय. असा माणूस भेटला नाही." त्याने स्वतःच्या खर्चाने हँडलला चांगली ग्रिप बसवली. विद्याधरांचे डोळे भरून आले. आपल्याला वाचवायला देवाने साधासुधा माणूस पाठवला नव्हता, हे त्यांना आतून पटलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात चंद्रप्रकाश आले. पन्नाशीचे, किडकिडीत, खांद्यावर गोणपाटाची पिशवी. वसुधाने त्यांना ओवाळलं. विद्याधर चार वाक्यं बोलणार होते, त्यांना दीड बोलता आलं.

"तुम्ही नसता तर मी नसतो," ते म्हणाले. "ही तुमची."

चंद्रप्रकाशनी सायकलीवरून हात फिरवला. "एवढी भारी, साहेब? आमच्या घरात एवढी भारी वस्तू कधी आली नाही. वडील गिरणीत होते, त्यांनीसुद्धा आणली नाही." त्यांनी डोळे पुसले. "तीन आठवडे घरी बसून होतो. आज बोहनी तुमच्याकडे. पैसे घेणार नाही, आधीच सांगतो. वहिनी, घरातल्या सुऱ्या, कात्र्या, विळी, जे असेल ते आणा."

वसुधाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पिशवीकडे पाहत होता. चंद्रप्रकाशनी तिच्यातून धारेचा गोल दगड काढला, पट्टा काढला, आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसून काहीतरी शोधू लागले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं.

"साहेब, ही उभी कशी करायची? मागचं चाक अधांतरी राहिलं पाहिजे. मग मी जागेवर बसून पेडल मारणार, तेव्हा दगड फिरणार."

"तुम्ही सायकल चालवत नाही?"

"दोन इमारतींच्या मध्ये हातात धरून नेतो. चालवायला शिकायचं राहूनच गेलं."

विद्याधरांनी केतनला फोन लावला.

"स्टँड नसतो, अंकल," केतन म्हणाला. "या सायकलला बसतही नाही."