चौदा पायऱ्या

तीन महिन्यांपासून पाथरवट नवरा खालच्या खोलीत झोपत होता. “गुडघे धरलेत,” म्हणायचा. बायकोच्या मनात मात्र पाल चुकचुकायची. माणूस आपल्याला विटला की काय? दगडाच्या धुळीने फुप्फुसांवर व्रण पडलेल्या रुग्णांचं जगणं कसं चाललंय, हे मोजणारा प्रश्नांचा कागद आज दवाखान्यात नर्सने त्याच्यापुढे ठेवला. तो कागद हाताआड धरून लिहू लागला, तशी तिची शंका बळावली. तिने डोकावून वाचलं. ‘न थांबता किती पायऱ्या चढता?’ उत्तर होतं, चार. घरचा जिना चौदा पायऱ्यांचा होता. म्हणजे गुडघे नव्हे, दम पुरत नव्हता. ‘घरच्यांना तुमचं ओझं वाटतं?’ त्याचं पेन ‘नेहमी’वर टेकलं. तिने ते हिसकावलं. “काकू, उत्तर त्यांनी द्यायचंय,” नर्स म्हणाली. “ओझं वाटलं तर मला वाटेल ना? त्यांना काय विचारता?” म्हणत तिने ‘कधीच नाही’वर ठसठशीत खूण केली.